पळी, उतार आणि घड्याळ : सातारा व सांगली कारागृहांच्या प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक, कारागृह व सुधारसेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. अधीक्षक, जिल्हा कारागृह, सातारा
मा. अधीक्षक, जिल्हा कारागृह, सांगली
मा. अध्यक्ष व सदस्य, अभ्यागत मंडळ, दोन्ही कारागृहे
मा. कार्यकारी अभियंता, सार्वजनिक बांधकाम विभाग, सातारा व सांगली

विषय : कारागृहातील जेवणाची जागा, वाढपाची रांग आणि भिशी (कारागृहाचे स्वयंपाकघर) येथील सुरक्षेबाबत.

महोदय, महोदया,

कारागृहात दिवसातून दोनदा अशी वेळ येते की बहुतेक बंदी एकाच वेळी बराकीबाहेर असतात. प्रत्येकाच्या हातात धातूची थाळी असते, दोन पावलांवर उकळती आमटी असते, पायाखालची फरशी ओली असते आणि सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर असते : आपल्या वाट्याला किती येणार. या वेळी काही घडले की त्यावरचा उपाय म्हणून बंदोबस्त वाढवला जातो. रांगेवर दोन शिपाई जास्त, एक शिट्टी जास्त. काही दिवस शांतता राहते आणि पुन्हा तेच होते. जेवणाच्या जागेतला धोका पळीच्या मापात, फरशीच्या उतारात आणि जेवणाच्या वेळेत असतो, असे आमचे मत आहे. या तीन गोष्टी दुरुस्त केल्या तर आहे तेवढ्याच मनुष्यबळात जेवण सुरक्षित होते. त्या दुरुस्त न करता शिपाई वाढवले, तर ते शिपाईही त्याच ओल्या फरशीवर, त्याच गर्दीत अडकतात.

सर्वात आधी वाढपाबद्दल, कारण भांडणाची सुरुवात तिथून होते.

समजा, कारागृहात ३०० बंदी आहेत. प्रत्येकाला २५० मिलिलिटर आमटी द्यायची तर ७५ लिटर लागते. सांडलवंड, नव्याने दाखल झालेले बंदी आणि मोजणीतली तफावत यांसाठी ५ टक्के जास्त धरले, तर साधारण ७९ लिटर. हा हिशोब कागदावर बरोबर असतो. तो बिघडतो पातेल्यापाशी. डाळ खाली बसते आणि पाणी वर राहते. वाढपी वरवर पळी बुडवतो तेव्हा रांगेतल्या पहिल्या शंभरांना पाणी मिळते आणि शेवटच्या शंभरांना दाट आमटी. ही गोष्ट बंद्यांना दोन दिवसांत कळते. मग ज्यांचे वजन चालते ते मुद्दाम मागे रेंगाळतात, पुढचे पुढे जायला तयार नसतात आणि रांग तिथेच तुंबते. बाहेरून पाहणाऱ्याला तो बेशिस्तपणा वाटतो. खरे कारण न ढवळलेले पातेले असते.

उपाय अगदी साधा आहे. दर दहा थाळ्यांनंतर लांब दांड्याच्या डावाने पातेले तळापासून ढवळावे आणि त्यासाठी एक माणूस वेगळा नेमावा. पळी ठरावीक मापाची हवी : १२५ मिलिलिटरची, काठापर्यंत भरून दोनदा. माप पाण्याने तपासून पळीच्या दांड्यावर कोरून घ्यावे आणि इतर कोणतीही पळी वाढपाच्या टेबलावर ठेवू नये. भाताला पळी चालत नाही. त्याला सपाट काठाचे वाटीसारखे माप लागते, ते भरून वरून पट्टीने सपाट करायचे. चपात्या मोजून द्यायच्या असतात, पण ताज्या गरम चपात्या एकमेकींना चिकटतात आणि घाईत चारऐवजी तीन किंवा पाच जातात. म्हणून चपात्या भिशीतच चार-चारच्या गड्ड्या करून आडव्या-उभ्या रचाव्यात. वाढताना मोजण्याची गरजच उरत नाही.

रांगेचा वेगही मोजून पाहावा. चपाती, भाजी, आमटी, भात असे चार वाढपी असतील तर एका माणसाला साधारण आठ सेकंद लागतात. एका रांगेत ३०० जणांना ४० मिनिटे. दोन रांगा केल्या तर २०. चाळीस मिनिटे उन्हात किंवा पावसात उभी राहिलेली रांग आणि वीस मिनिटांची रांग यांत शांततेचा फार मोठा फरक असतो. दुसऱ्या रांगेसाठी लागते काय, तर एक टेबल, चार मापे आणि चार वाढपी. कोणती बराक आधी येणार हा क्रम रोज एका घराने पुढे सरकवावा आणि फळ्यावर लिहावा. त्याच फळ्यावर आजचा पदार्थ आणि प्रत्येकाचे प्रमाणही लिहावे. प्रमाण सगळ्यांना माहीत असले की कमी मिळाल्याची तक्रार मोजता येते. नसले तर प्रत्येक तक्रार ही वाढप्यावरचा आरोप होते.

महिला विभागाचे जेवण बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या भिशीतून जाते, तेही सगळ्यांचे वाढून झाल्यावर. त्यामुळे ते थंड आणि उरलेले असते. आईसोबत सहा वर्षांपर्यंतची मुले असतात, त्यांचाही वाटा त्यातच असतो. हा वाटा वाढप सुरू होण्याआधी मापून, झाकणाला क्लिप असलेल्या डब्यात भरून वेगळा निघायला हवा. आजारी बंद्यांच्या जेवणाचेही तसेच.

ही बाब किरकोळ वाटू नये म्हणून २०१७ सालची आठवण द्यावी लागते. त्या वर्षीच्या जूनमध्ये मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात दोन अंडी आणि पाच पाव यांच्या हिशोबावरून वाद झाला. त्यानंतर मारहाण झाल्याचा आरोप झाला, एका महिला बंदीचा मृत्यू झाला आणि कारागृहाच्या कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. पुढच्याच महिन्यात त्याच कारागृहातल्या सुमारे ऐंशी महिलांना विषबाधेची लक्षणे दिसल्याने रुग्णालयात न्यावे लागले. एका ठिकाणी शिध्याचा हिशोब आणि अन्नाची शुद्धता या दोन्हींची घडी विस्कटली की काय होते, ते महाराष्ट्राने तेव्हा पाहिले.

सातारा आणि सांगलीची एक खास अडचण म्हणजे कोर्टवाले बंदी. दहिवडी, फलटण, पाटण, किंवा तिकडे जत, विटा, आटपाडी इथल्या न्यायालयांत सकाळी गेलेले बंदी परत येतात तेव्हा संध्याकाळचे वाढप संपलेले असते. त्यांचे जेवण कुणीतरी सांगून ठेवलेले असते किंवा ठेवलेलेच नसते. दिवसभर गाडीत बसून आलेला माणूस उपाशी बराकीत गेला की रात्रीची कुरबुर ठरलेली. दुपारी दोन वाजता बाहेर गेलेल्यांचा आकडा गेटवरून भिशीत लेखी यावा, तेवढ्या थाळ्या नावानिशी डब्यात भराव्यात आणि बंदी आल्यावर गेटवरच्या नोंदीसोबत डबा त्याच्या हातात द्यावा. त्यात आमटी-भात नको, चपाती आणि कोरडी भाजी हवी. त्याचे कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

संध्याकाळच्या जेवणाची वेळ हा आमच्या मते सर्वात मोठा आणि सर्वात दुर्लक्षित धोका आहे. बराकींना कुलूप लागण्याआधी, म्हणजे चार-साडेचारला जेवण वाटले जाते. त्या वेळी कुणालाच भूक नसते. बंदी ते थाळीत झाकून बराकीत नेतात आणि सात-आठ वाजता खातात. भिशीतून ताजे निघालेले अन्न पोटात जाईपर्यंत तीन-चार तास उघड्या हवेच्या तापमानात राहते. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली ठेवावे, मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये, हा मोठ्या स्वयंपाकघरांचा सर्वमान्य नियम आहे. कारागृहात तो रोज संध्याकाळी मोडतो, आणि तो मोडणे वेळापत्रकातच लिहिलेले असते.

यात काय बिघडते ते नेमके सांगतो. भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. ते उकळल्याने मरत नाहीत. भात कोमट झाला की ते वाढू लागतात आणि जे विष तयार करतात त्यातले एक असे आहे की पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. डाळ, आमटी, रस्सा यांच्या मोठ्या पातेल्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स वाढतो. ४५ अंशांच्या आसपास त्याची संख्या साधारण दहा मिनिटांत दुप्पट होते. खोल पातेल्याचा मधला भाग तासन्तास याच तापमानात राहतो. वरून आमटी गार लागते, आत ती जिवाणूंसाठी उबदार असते. वास बदलत नाही, चव बदलत नाही. मध्यरात्री बराकीत वीस जणांना एकदम जुलाब सुरू होतात, तिथे एक-दोन शौचालये असतात, आणि मग जे होते ते आपणा सर्वांना माहीत आहे.

पहिला पर्याय म्हणजे संध्याकाळचे वाढप साडेपाचला नेऊन बराकींना कुलूप लावण्याची वेळ तेवढी पुढे घेणे. ते शक्य नसेल तर दोन जेवणांची अदलाबदल करावी. डाळ, भात, उसळ असे ओले पदार्थ दुपारच्या जेवणात घ्यावेत, कारण ते लगेच खाल्ले जाते. संध्याकाळी चपाती किंवा भाकरी, कोरडी भाजी, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी द्यावी. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी रात्रीपर्यंत टिकते हे या दोन जिल्ह्यांत कुणाला शिकवायला नको. शेतावर, वारीत, एसटीच्या लांब प्रवासात लोक हेच बांधून नेतात. आठवड्याच्या एकूण शिध्यात यामुळे एका ग्रॅमचाही फरक पडत नाही, फक्त क्रम बदलतो. ओले खोबरे, दही आणि कुस्करलेला बटाटा मात्र संध्याकाळच्या यादीतून काढावा.

थर्मामीटरशिवाय यातले काहीच पाळता येत नाही. प्रत्येक भिशीत टोचून तापमान मोजायचे दोन डिजिटल थर्मामीटर हवेत. पातेले चुलीवरून उतरवताना, वाढप सुरू होताना आणि शेवटची थाळी वाढताना अशा तीन नोंदी घ्याव्यात. शेवटची नोंद ६० च्या खाली गेली तर त्या दिवशी रांग कुठे अडली ते शोधावे. थर्मामीटर उकळत्या पाण्यात तपासण्याची सवय इथे फसवते. साताऱ्याच्या उंचीवर पाणी १०० नव्हे तर साधारण ९७-९८ अंशांना उकळते. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी ग्लासात घालून त्यात थर्मामीटर धरावा, शून्य दाखवला तर तो ठीक. प्रत्येक पदार्थाचा २०० ग्रॅम नमुना स्वच्छ डब्यात, तारीख-वेळ लिहून, शीतकपाटात ४८ तास ठेवावा. बिघाड झालाच तर डॉक्टरांना आणि अन्न व औषध प्रशासनाला त्या नमुन्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

आता भिशी ते जेवणाची जागा या अंतराबद्दल. पन्नास लिटरचे भरलेले पातेले भांड्यासह ५५-६० किलो भरते. दोन माणसे फडक्याने कड धरून ते अंगणातून नेतात. एकाचा पाय घसरला की पातेले कमी उंचीच्या माणसाकडे कलते आणि आमटी त्याच्या मांड्यांवर आणि पायांवर येते. ६० अंशांचा द्रव पाच सेकंदांत कातडी खोलवर भाजतो, ७० अंशांवर एक सेकंदही पुरतो. आमटी तर ९० च्या पुढे असते. डाळ आणि तेल अंगाला चिकटून राहतात, त्यामुळे ते पाण्यापेक्षा वाईट भाजतात.

म्हणून पातेले हाताने न्यायचेच नाही. कमरेपेक्षा खाली राहणारी, चार चाकांची, लोखंडी अँगलची गाडी करावी. भांडे ज्यात घट्ट बसेल अशी गोल कडी, झाकणाला दोन्ही बाजूंनी क्लिप, पुढची दोन चाके फिरणारी आणि मागची स्थिर, चाकांना ब्रेक. चाकाचा व्यास किमान १५ सेंटिमीटर हवा, लहान चाक फरशीच्या सांध्यात अडकते आणि गाडी उलटते. भांडे दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. म्हणजे ७९ लिटर आमटीसाठी पन्नास लिटरची तीन भांडी लागतील. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतला कोणताही फॅब्रिकेशनवाला हे काम करू शकतो. मार्गात पायरी असेल तिथे १ ला १२ उताराचा रॅम्प करावा. गाडी निघताना मार्गावर दुसरे कुणी नसावे, एवढा एकच नियम शिपायाने पाळून घ्यावा.

भिशीत काम करणारे बंदी अनेकदा अनवाणी किंवा रबरी चपलेत असतात. भाजण्याच्या जखमा पायांना जास्त होतात त्या यामुळे. बंद बूट आणि सुती जाड एप्रन द्यावा. पॉलिस्टर नको, तो वितळून कातडीला चिकटतो. गमबूट दिलेच तर पँट बुटाच्या बाहेरून सोडावी, आत खोचू नये. आत खोचली की सांडलेली आमटी थेट बुटात उतरते आणि बूट निघेपर्यंत पाय भाजत राहतो. भाजल्यावर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरणे हाच प्रथमोपचार. त्यासाठी भिशीच्या दाराशी नळ आणि आखूड होज कायम जोडलेली हवी. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतले काहीही लावू नये, ही सूचना नळाच्या वरच मराठीत आणि हिंदीत रंगवावी.

फरशीबद्दल सार्वजनिक बांधकाम विभागास विशेष विनंती. गुळगुळीत पॉलिश केलेली कोटा फरशी स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या जागेत बसवू नये. त्यावर तेलाचा एक थेंब आणि पाणी एकत्र आले की उभे राहणेच कठीण होते. खडबडीत पृष्ठभागाची कोटा किंवा शहाबादी घ्यावी, सांधे सिमेंटने पूर्ण भरावेत आणि नालीच्या दिशेने १ ला ८० उतार द्यावा. म्हणजे चार मीटरला पाच सेंटिमीटर. यापेक्षा कमी उतार दिला तर पाणी साचते. उतार हाताच्या अंदाजाने नको, पाणी ओतून तपासूनच काम ताब्यात घ्यावे. नाली बसण्याच्या रांगांच्या मधून नव्हे, कडेने न्यावी.

नालीच्या झाकणाचा मुद्दा वेगळा काढून मांडतो, कारण तो जिवाचा आहे. २०२४ च्या जूनमध्ये कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात आंघोळीच्या जागेवरून झालेल्या वादात गटाराचे लोखंडी झाकण डोक्यात घातल्याने एका बंदीचा मृत्यू झाल्याची नोंद आहे. उचलता येणारे प्रत्येक झाकण हे कुणाच्याही हाती लागेल असे हत्यार आहे. जेवणाच्या जागेतली आणि हात धुण्याच्या ओट्याजवळची सगळी झाकणे बिजागरीने एका बाजूला बांधावीत आणि दुसऱ्या बाजूला विशिष्ट पान्यानेच उघडणाऱ्या बोल्टने आवळावीत. पाना तुरुंगाधिकाऱ्याकडे राहील आणि सफाईच्या वेळी सही करून निघेल. नळाचे लांब पाइप, सैल विटा, खिळ्यावर टांगलेले बोर्ड यांच्याकडेही त्याच नजरेने पाहावे. दोन तासांत एक माणूस संपूर्ण जागा अशी पाहून यादी करू शकतो.

ज्या कारागृहात बंदी अंगणात किंवा बराकीतच जेवतात तिथे छताखालची जेवणाची जागा करणे हे मूळ काम आहे. आदर्श कारागृह नियमावली २०१६ मध्येही झाकलेल्या जागेत, ओट्यावर बसून जेवण्याची व्यवस्था अपेक्षित आहे. दोन पाळ्यांत दीडशे-दीडशे बसवायचे तर पंचवीस जणांच्या सहा पंगती लागतात. एका माणसाला ६० सेंटिमीटर रुंदी धरली की पंगत १५ मीटरची होते. समोरासमोरच्या दोन पंगतींमध्ये दीड मीटर मोकळी वाट, पाठीला पाठ असलेल्या पंगतींत अर्धा मीटर. अशा हिशोबाने १७ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद शेड पुरते. ओटे काँक्रीटचे, कडा गोलाई दिलेल्या. सुटी बाके आणि टेबले आणूच नयेत. समोरासमोरच्या भिंतींत दोन दारे, प्रत्येकी दीड मीटर रुंद, बाहेरच्या बाजूला उघडणारी. जेवण चालू असताना कुलपाची किल्ली दारावरच्या शिपायाच्या कमरेला असावी, कार्यालयातल्या कपाटात नव्हे. शिपायांनी पंगतींच्या मध्ये फिरू नये, दोन्ही टोकांना आणि वाढपाच्या टेबलाच्या मागे उभे राहावे. मध्ये अडकलेला शिपाई कुणाला मदतही करू शकत नाही आणि मदत बोलावूही शकत नाही.

थाळ्यांबाबत थोडक्यात. कड आत वळवलेली जाड स्टीलची थाळी द्यावी. कापलेल्या कडेची पातळ थाळी फरशीवर घासून धार येते. मेलामाइन नको, ते फुटले की त्याचे टोकदार तुकडे होतात. चमचे द्यायचे असतील तर आखूड दांड्याचे आणि मोजून परत घ्यायचे. भिशीतल्या सुऱ्या, झारे, लाटणी, तवे खरवडायचे उलथने यांसाठी भिंतीवर फळा करून प्रत्येक वस्तूची बाह्याकृती रंगवावी. रिकामी आकृती दारातूनच दिसते. सुऱ्या साखळीने ओट्याला बांधाव्यात, साखळी भाजी चिरता येईल एवढीच लांब. काही अधिकारी म्हणतात की बंद्याच्या हाती सुरी द्यावीच कशाला. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर वसाहतीत १९३९ पासून, औंध संस्थानाच्या काळापासून, शिक्षा भोगणारी माणसे कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. अवजार हातात असणे हा धोका नसतो. ते मोजलेले नसणे हा असतो.

गॅसचे बरेचसे नियम सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे जे चुकते तेवढेच सांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. तरीही गळती ओळखणारे यंत्र छताजवळ बसवलेले दिसते. ते जमिनीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर हवे आणि खालच्या बाजूला हवा जायला जाळी हवी. १९ किलोची सिलिंडरे भिशीच्या बाहेर, जाळीच्या बंद पिंजऱ्यात, मुख्य झडप आतून हात पोचेल अशी. रबरी नळी पाच वर्षांच्या आत बदलावी, तारीख नळीवरच छापलेली असते. तेलाच्या आगीवर पाणी मारले तर पेटते तेल उसळून छतापर्यंत जाते, म्हणून कढईजवळ अग्निरोधक चादर आणि के वर्गाचे अग्निशामक यंत्र हवे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. त्या तपासणीत भिशी वगळली जात नाही ना, एवढे अभ्यागत मंडळाने पाहावे.

सांगलीसाठी पुराचा वेगळा आराखडा लागेल. गणेशदुर्गाच्या परिसरातल्या या कारागृहात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी शिरले आणि बंद्यांना वरच्या मजल्यावर ठेवावे लागले. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. आमचे म्हणणे असे की भिशी हलवण्याचा निर्णय ४० फुटांवर आपोआप लागू व्हावा, आदेशाची वाट पाहू नये. भरलेले सिलिंडरही पाण्यावर तरंगते, नळी उपटून निघते आणि गॅस मोकळा होतो. म्हणून ४० फुटांवर सिलिंडरे नळीपासून सोडवून वरच्या मजल्यावरच्या हवेशीर गच्चीत साखळीने बांधावीत. शेगड्या बंद होणार हे धरून तीन दिवसांचे न शिजवता खाता येणारे अन्न आधीच वर असावे : चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, दूध पावडर. माणशी दिवसाला पिण्याचे किमान तीन लिटर पाणी धरले तर ३०० जणांना तीन दिवसांसाठी २,७०० लिटर साठा लागतो. पूर ओसरल्यावर भिजलेले धान्य वाळवून वापरू नये, आणि पाण्यात क्लोरिन ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असल्याचे ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीने रोज पाहिल्याशिवाय भिशी सुरू करू नये.

भिशीत कोण काम करणार, यावरही सुरक्षा अवलंबून असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृहातली जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. स्वयंपाक अमुक जातीने करायचा आणि सफाई अमुक जातीने, हे आता कुठल्याही रूपात चालणार नाही, तोंडी प्रथा म्हणूनही नाही. आम्ही याचे मनापासून स्वागत करतो आणि त्यापुढचे पाऊल सुचवतो : निवड आरोग्याच्या निकषावर व्हावी. भिशीत नेमण्याआधी त्वचेची आणि शौचाची तपासणी, टायफॉइडची लस, वर्षातून एकदा पुन्हा तपासणी. जुलाब झालेल्या माणसाने लक्षणे थांबल्यावरही ४८ तास भिशीत येऊ नये, आणि तेवढ्या दिवसांची त्याची मजुरी कापू नये. मजुरी कापली तर तो आजार लपवतो. बोटावर जखम असेल तर निळी पट्टी आणि वर हातमोजा. निळी यासाठी की अन्नात पडली तर दिसते.

जेवणाची चव अधिकाऱ्याने पाहायची ही पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण नमुन्याची थाळी वाढप सुरू होण्याआधी, वरच्या ताज्या पातेल्यातून, झाकून कार्यालयात जाते. ती थाळी रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या मागे उभे राहून घ्यावी. तापमान, दाटपणा, प्रमाण, सगळे तिथेच कळते. संयुक्त राष्ट्रांच्या नेल्सन मंडेला नियमांतला ३५ वा नियमही डॉक्टरने किंवा आरोग्य यंत्रणेने अन्नाचे प्रमाण, दर्जा, ते शिजवणे आणि वाढणे यांची नियमित पाहणी करावी असे सांगतो. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय जवळ आहे. तिथल्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा, न कळवता, संध्याकाळच्या वाढपाला यावे.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवे बजेट लागत नाही. मापाच्या पळ्या, फळा, दुसरी रांग, जेवणांची अदलाबदल, थर्मामीटर, शेवटची थाळी आणि कोर्टवाल्यांचा डबा एवढे या महिन्यातच सुरू करता येईल. गाड्या, झाकणांचे बोल्ट, नळ आणि होज यांना दोन-तीन महिने लागतील. फरशी आणि शेड यांना अंदाजपत्रक आणि मंजुरी लागेल, त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभागाने निदान मोजणी आणि आराखडा पावसाळ्याआधी पूर्ण करावा.

अभ्यागत मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि त्या बैठकीसमोर तीन कागद ठेवावेत अशी विनंती आहे : मागच्या तीन महिन्यांची संध्याकाळच्या वाढपाची प्रत्यक्ष वेळ, त्याच काळात भिशीत भाजलेल्या आणि घसरून पडलेल्या बंद्यांची वैद्यकीय नोंदवही, आणि जेवणाच्या जागेतल्या उचलता येणाऱ्या झाकणांची यादी. मापे, गाडीचा आराखडा आणि तापमान नोंदीचा तक्ता आम्ही विनामूल्य तयार करून देऊ. प्रशासन बोलवेल तेव्हा भिशीत येऊन वाढप्यांना दाखवूनही देऊ.

आपले,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील काही निवृत्त कारागृह कर्मचारी, वसतिगृहे व कारखान्यांची स्वयंपाकघरे सांभाळणारे व्यवस्थापक, आणि अन्न-स्वच्छता व बांधकाम क्षेत्रातील जाणकार